कोपर बघायला कुणीतरी हवं

गुरुग्राम ते घिटोरनी म्हणजे मेट्रोची पाच स्टेशनं. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन कुणी लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. पण सांगलीहून बदलीवर इथे येऊन मला दीड वर्ष झालं आणि ऑफिस सोडून मी स्वतःहून कुठे जात असेन, तर ते घिटोरनीलाच. दर रविवारी, तिरंदाजी शिकायला. वय त्रेचाळीस. हसून घ्या.

वाटेत गुरु द्रोणाचार्य नावाचं स्टेशन लागतं. तिथे मी दर वेळी अंगठा मुठीत लपवते आणि पुढे गेल्यावर बाहेर काढते. घिटोरनीला उतरून शेअर ऑटो करा. एकट्याने केलात तर ऐंशी मागतात, साठावर येतात. शेवटचा टप्पा मातीचा आहे, तेव्हा बूटच घाला. रोपांच्या नर्सरीमागे आमचं मैदान. तासाचे सहाशे, धनुष्यबाण त्यांचेच. फाटकाशी ब्रेडपकोडा मिळतो. तो आधी खाऊ नका, पोट जड होतं.

आता माझं रडगाणं. बाण सुटला की दोरी माझ्या डाव्या हातावर फटकन बसते, कोपराच्या आतल्या बाजूला. हाताला आर्मगार्ड असतो, पण तो मनगटाकडे. माझा फटका बरोबर त्याच्या वरच्या उघड्या जागी. महिनाभरात तिथे तळहाताएवढा डाग पडला. जांभळा, मग हिरवट, त्यावर पुन्हा जांभळा. एप्रिल लागल्यापासून मी अर्ध्या बाह्यांचे कुर्ते घालून ऑफिसला जातेय. कुणी म्हणून कुणी विचारलं नाही. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

आमची कोच सुमन झारखंडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला दीदी म्हणते आणि रागावते.

"दीदी, पकड़ो मत. सिर्फ़ ठेलो."

मी धनुष्य पडेल या भीतीने मूठ आवळते. मूठ आवळली की कोपर आत वळतं आणि थेट दोरीच्या वाटेत येतं. धनुष्य अंगठ्याखालच्या गादीने नुसतं ढकलायचं, बोटं सैल, खांदा खाली आणि कोपर बाहेर फिरवायचं. ऐकायला सोपं आहे. एका रविवारी बारा बाणांत सात फटके खाल्ले, आणि पुढचा बसणार या धास्तीनेच आठवा खाल्ला.

सुमनने माझ्या हातातलं धनुष्य बाजूला ठेवलं. "अगले संडे तक ठीक नहीं हुआ तो वापस रबर बैंड पे. घर में किसी को पीछे खड़ा करो, रोज़ दस मिनट. अपनी कोहनी ख़ुद को नहीं दिखती."

"मोबाइल से वीडियो बना लूँ?"

"वीडियो टोकेगा थोड़ी!"

रबर बँड म्हणजे नवशिक्यांसारखं घरी बसून रबर ताणायचं. धनुष्य गेलं तर मी रविवारी जाणार कुठे? आठवड्यातून तेवढाच एक दिवस कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून "नीचे" म्हणतं.

परतताना लेडीज डब्यात खांबाला तळवा टेकवला आणि कोपर फिरवत राहिले. समोर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या.

"आंटी क्या कर रही हैं?"

"छोड़ ना यार, योगा होगा."

घरी चौकटीला तळवा लावून प्रयत्न केला. मान वळवून कोपर बघावं तर खांदा वर. आईला व्हिडिओ कॉल केला असता, पण डाग बघून ती सांगलीत जेवण सोडेल. मग कोण? यादी करायला बसले आणि उठले.

शेजारच्या फ्लॅटमध्ये मिसेस अरोरा राहतात, साठीच्या. आमचं बोलणं लिफ्टपुरतं. गर्मी हो गई, हाँ जी. सोमवारी संध्याकाळी सातला मी धीर करून त्यांची बेल वाजवली. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या बंद दाराकडे. मनगट धरून मला आत घेतलं आणि कडी लावली.

"बैठ बेटा. अब वो यहाँ नहीं आएगा."

"कौन, आंटी?"

"तेरा हस्बैंड, और कौन!"

"आंटी, मैं अकेली रहती हूँ. शादी ही नहीं की. ये तीर-कमान की चोट है."

त्यांनी कडी काढली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "महीने भर से लिफ़्ट में देख रही हूँ. रोज़ सोचती थी, पूछूँ. फिर लगा, किसी के घर का मामला है."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. भिंतीला भिंत लागून असलेल्या बाईला माझ्या घरात दुसरं कुणीच नाही हे ठाऊक नव्हतं. आणि तरी महिनाभर ती माझ्या काळजीत होती.

मग मी कशासाठी आले ते सांगितलं, आणि तेव्हापासून रोज सातला अरोरा आंटी चष्मा लावून माझ्या मागे उभ्या राहतात. "हाँ, घूमी... अरे, फिर अंदर गई!" मग चहा होतो.

रविवारी छत्तीस बाण मारले. फटका एकही नाही. धनुष्य माझ्याकडेच राहिलं. तुम्हालाही दोरी लागत असेल तर मूठ सोडा आणि मागून बघणारं माणूस शोधा. दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण आहे.

डाग आता फिका पिवळा झालाय. कोपर तर गुरुवारीच आपसूक वळायला लागलं होतं. आंटींना मी हे अजून सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी मुद्दाम दोनदा कोपर आत वळवलं. त्या ओरडल्या, तेव्हा बरं वाटलं.