दोन कॅमेरे, बापूंचा कळप आणि घनसावंगीची गार भजी

हा प्रवासाचा ब्लॉग आहे, असं वर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे. मागच्या दीड वर्षात इथे आलेले अकरा लेख मात्र कॅमेऱ्यांवर आहेत, आणि त्यातला एकही कॅमेरा माझ्याकडे नाही. एका वाचकाने मध्यंतरी विचारलं की तुम्ही शेवटचे कुठे गेला होतात. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर 'भाजी आणायला' असं होतं.

गोष्ट अशी की दोन मिररलेस कॅमेऱ्यांवर मी येऊन अडकलो होतो. एकाचा सेन्सर मोठा, पण वजन जास्त. दुसरा हलका, हातात छान बसणारा, पण अंधारात चित्र दाणेदार येतं म्हणतात. 'म्हणतात' हा शब्द महत्त्वाचा. रोज जेवण झालं की मी परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ बघायचो. ते आपापल्या मांजरांचे फोटो चारशे पट मोठे करून मिशा मोजायचे. बायको, वैशाली, विचारायची की आपण फिरायला कधी जायचं. मी म्हणायचो, कॅमेरा येऊ दे.

हेच वाक्य मी आणखी एका माणसाला सांगितलं होतं, आणि तिथेच माझी मान अडकली.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत चाचणी विभागात काम करतो. आमचा एक चाचणी प्लॉट तीर्थपुरीच्या अलीकडे आहे. कापूस निघाला की उरलेल्या पऱ्हाटीवर बापू नावाचे एक मेंढपाळ दरवर्षी त्यांचा कळप आणतात. मेंढरं पाला खातात, रात्री तिथेच बसतात, शेताला खत मिळतं. दोन वर्षांपूर्वी बापूंनी मला सांगितलं होतं की मेंढरांसोबत माझा एक चांगला फोटो काढून द्या. खिशात मोबाइल होता. मी म्हटलं, बापू, असा नको, चांगल्या कॅमेऱ्यानं काढू, कॅमेरा येऊ द्या. गेल्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. या जानेवारीत त्यांचा फोन आला. सगळीकडे ऊस झाला, चारायला जागा नाही, गुडघे गेले, कळप विकला. सोमवारी व्यापारी गाडी घेऊन येणार. रविवारी जमलं तर या.

जमवणं भागच होतं. वैशालीने सांगितलं की मोबाइल घेऊन सरळ जाऊ. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजलं. स्टेशनजवळच्या स्टुडिओत दोन्ही कॅमेरे भाड्याने मिळत होते. एकाच फेरीत बापूंचा फोटोही होईल आणि दीड वर्षाचा निकालही लागेल. आम्ही बियाण्याची चाचणी घेतो तशीच घ्यायची. दोन वाण शेजारी शेजारी पेरायचे. माती, पाणी, खत, तारीख सारखी. पाकिटावरची नावं झाकायची, म्हणजे कोणाचं मन आधीच एका बाजूला झुकत नाही. आणि एका वाणाची नोंद घेतली पण दुसऱ्याची राहिली, तर ती जोडीच रद्द धरायची. मी दोन्ही कॅमेऱ्यांच्या नावांवर काळी टेप लावली आणि वर 'अ' आणि 'ब' लिहिलं. खरं तर अंधारातही मला दोघांच्या मुठी ओळखू आल्या असत्या. पण पद्धत म्हणजे पद्धत.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी सातच्या आत जालना सोडा. अंबडपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात आणि त्यांच्यामागे लागलात की गाणी ऐकत बसण्याशिवाय इलाज नसतो. स्वतःची गाडी नसेल तर घनसावंगीपर्यंत बस आहे, तिथून जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरली की नाही हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. मोसंबी वाटेत शेताच्या कडेलाच घ्या, जालन्याच्या निम्म्या भावात मिळते.

इतकी उपयुक्त माहिती मी सलग प्रथमच दिली आहे.

आम्ही निघालो सातला, पण अंबडला पोहोचायला दहा वाजले, कारण मी प्रत्येक चांगल्या झाडापाशी गाडी थांबवली. ट्रायपॉड लावायचा, 'अ'ने फोटो, 'अ' काढायचा, 'ब' लावायचा, सगळे आकडे सारखे करायचे, पुन्हा फोटो. मधल्या वेळात ढग सरकला तर दोन्ही रद्द. एका बाभळीला मी पंचवीस मिनिटं दिली. वैशाली ज्या कॅमेऱ्याची पाळी नसेल तो गळ्यात अडकवून उभी राहायची. तिने एकदाच विचारलं की ह्या बाभळीचं आपण करणार काय. मी तिला कडा किती स्पष्ट आल्यात ते दाखवलं.

घनसावंगीला बसस्टँडसमोर गरम भजी घेतली. अर्थातच आधी फोटो. प्लेट एकाच उजेडात राहावी म्हणून मी टेबल ओढून दारात आणलं, त्यामुळे आत येणारी माणसं आमच्या टेबलाला वळसा घालू लागली. शेजारी चहा पिणाऱ्या एका काकांना राहवलं नाही.

"कोन्त्या च्यानलचे तुम्ही?"

मी सांगितलं की चॅनलचे नाही, कॅमेरे तपासतोय. त्यांनी दोन्हींकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्यातला बिघडलेला कोन्ता हाय?"

दोन्ही चांगले आहेत म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. भजी तोवर गार झाली होती. खालच्या कागदावरचं तेल दोन्ही फोटोंत सारखंच आलं आहे.

प्लॉटवर पोहोचलो तेव्हा दुपार उतरली होती. वाट पाहत बापू बांधावर बसले होते. पांढरं धोतर, नवा सदरा, डोक्याला धुतलेला लाल पटका. त्यांच्या कारभारणीने सांगितलं की सकाळी आठपासून असेच बसलेत, जेवले तेही सदऱ्यावर सांडू नये म्हणून टॉवेल लावून. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, लाल रंग तपासायला पटका उत्तम आहे.

आम्हाला भाकरी, ठेचा आणि कांदा मिळाला. सगळ्या प्रवासातली तीच एक गोष्ट मी फोटो न काढता खाल्ली, कारण वैशालीने माझा हात धरला होता.

मग बापूंनी सांगितलं की त्यांना कसा फोटो हवाय. नुसतं उभं राहून नको. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घेतात तेव्हा ते वाटेच्या तोंडाशी उभे राहतात आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीला हात लावतात. हात लावला की ती मेंढी मोजली गेली. त्यांचे वडील असंच मोजायचे. तसा फोटो पाहिजे.

जागा पाहून मी खूश झालो. मागे उसाची हिरवी भिंत, उन्हं तिरपी, धूळ सोनेरी. इतका चांगला प्लॉट पुन्हा मिळणार नव्हता. मी 'ब' लावला, बापूंना नुसतंच उभं करून उजेड जमवला, 'ब' काढून वैशालीकडे दिला आणि 'अ' लावायला घेतला.

"सुरू करू का, साहेब? जनावर थांबून राह्यलं," बापू म्हणाले.

मी म्हटलं, दोन मिनिटं. 'अ'चा रंग थोडा पिवळा दिसत होता आणि तो सारखा केल्याशिवाय तुलनेला काही अर्थ नव्हता. मी पडद्यात डोकं घालून आकडे फिरवत होतो. पण सगळ्यांत पुढच्या मेंढीला आमची पद्धत माहीत नव्हती. ती निघाली. तिच्यामागे सगळा कळप निघाला, आणि बापूंनी माझ्याकडे पाहणं सोडून हात खाली केला. मला नुसता खुरांचा आवाज आणि बापूंचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मी मान वर केली तेव्हा शेवटचं लंगडं मेंढरू आत जात होतं.

"बापू, परत एकदा घेता येतील का?"

ते जाळी बांधत होते. "आत गेलेलं जनावर फिरून भाईर काढलं, तर रातभर बसत न्हाई, साहेब. उद्या तर गाडीतच चढायचंय त्याला."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वैशालीने गळ्यातला 'ब' पुढे केला. तिने बटण कुठलं ते बघितलं होतं, आणि मेंढरं निघाल्यावर दाबत गेली होती. पडद्यावर वाकलेले बापू होते, लाल पटका, मेंढीच्या पाठीवर टेकलेला हात, आणि ओठ कुठल्याशा आकड्यावर उघडे. फोटो एका बाजूला कलला होता. बापूंनी बराच वेळ पाहिलं. मग बोट लावत एकेक ओळखायला लागले. ही दोनदा व्यालेली. ही विहिरीत पडल्ती. त्यांची कारभारीण मागून बघत पदराने डोळे पुसत होती.

आणि मी, दीड वर्ष या क्षणाची तयारी केलेला माणूस, म्हणालो, "पण ह्याला 'अ'ची जोडी नाही. हा धरता येणार नाही."

येताना वैशाली थेट अंबडपर्यंत मागच्या सीटवर बसली.

जालन्यात मी कॅमेरे परत केले आणि रात्री तक्ता भरला. बाभूळ, मोसंबी, भजी, सगळ्यांच्या जोड्या पूर्ण. दोघांना जवळपास सारखे गुण. बापूंच्या रकान्यात नियमाप्रमाणे आडवी रेघ. ती मारताना मला स्वतःची खरोखर किळस आली.

पुढच्या आठवड्यात वैशालीने तो फोटो मोठा छापून घेतला आणि एकटीच बसने तीर्थपुरीला देऊन आली. कळप गेलेला होता. बापूंनी फोटो हातात घेतला, बोट ठेवत पहिल्यापासून मोजलं आणि दिसतात तेवढी मेंढरं बराबर आहेत म्हणून सांगितलं. साहेब आले न्हाईत का, असं विचारलं. तिने काय उत्तर दिलं ते मला सांगितलेलं नाही.

कॅमेरा घेतला. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो, 'ब' घेतला, आणि तो वैशालीने घेतला, तक्ता न बघता. तिच्या पिशवीत असतो. मला हवा असला तर मागावा लागतो. मागितला की ती फक्त विचारते, "काय काढायचंय?"

मी अजून एकदाही तो नेलेला नाही.