देविका बोलेनाशी झाली तेव्हा

अरुणा रिसबूड गुडगावला आली ती अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये. तिचा नवरा विश्वास नाशिकची नोकरी सोडून मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. आमची सोसायटी तेव्हा अगदी नवी. निम्मे फ्लॅट रिकामे, समोर मोहरीची शेतं आणि शेतांपलीकडे एक जुनं गाव. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायची. मराठी घरं दोनच, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

तिची मुलगी देविका साडेपाच वर्षांची होती. आली तेव्हा इतकी बडबडी की ती जिन्यात असली की मला घरात कळायचं. सेक्टरमधल्या एका इंग्रजी शाळेत तिला घातलं. शाळेला बस होती, झोपाळे होते, हिरवळ होती. पण वर्गात इंग्रजी, बसमध्ये हिंदी आणि देविकाला येत होती फक्त मराठी. दिवाळीपर्यंत ती शाळेत गप्प झाली. संक्रांतीपर्यंत घरीही. पाणी हवं असलं तर माठाकडे बोट दाखवायची.

मार्चमध्ये शाळेनं दोघांना बोलावून सांगितलं की मुलगी स्लो आहे, पुन्हा त्याच वर्गात बसवावी लागेल, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. करोल बागेतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत निघाले. परतताना अरुणा बसमध्ये रडली.

"कानात काही निघालं असतं तर निदान त्यावर औषध तरी असतं गं, सुखदा," घरी आल्यावर ती मला म्हणाली.

दूध आणायला ती देविकाला घेऊन गावात जायची. वाटेत सरकारी प्राथमिक शाळा होती. तीन खोल्या, एक कडुनिंब, एक बंद पडलेला हातपंप. एप्रिलमधल्या एका सकाळी आतून पाढ्यांचा गलका येत होता. देविकानं आईचा हात सोडला आणि भिंतीच्या पडक्या भागातून आत बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्या दिवशी अरुणा चौकशीला लागली.

सोसायटीत प्रत्येकाला त्या शाळेबद्दल मत होतं. मास्तर येतच नाहीत. येतात ते मारतात. मुलींकडून मटार सोलून घेतात. मी म्हटलं, तिथे पोरगी फक्त शिव्या शिकेल. मी त्या शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच टाकलं नव्हतं, हे अरुणाच्या लक्षात आलं. मग ज्यांची मुलं खरोखर तिथे जात होती, त्यांच्याकडे ती गेली.

त्यांनीही काही गोडवे गायले नाहीत. आमचा चौकीदार दिलीप म्हणाला की शिकवणाऱ्या दोनच, त्यातली एक सदा कुठल्या तरी सरकारी कामावर. दूधवालीनं सांगितलं की इंग्रजी म्हणाल तर एबीसीडीच्या पुढे नाही. इस्त्रीवालीचं म्हणणं असं की छप्पर गळतं आणि जोराच्या पावसात सुट्टीच देऊन टाकतात. पण कपड्यांची घडी घालता घालता ती पुढे म्हणाली की तिची मुलगी आता गावाकडून आलेलं पत्र सगळ्यांना वाचून दाखवते. आणि बहनजी, म्हणजे तिथल्या मोठ्या बाई, हात उगारत नाहीत.

अरुणा शाळेत गेली. मुख्य शिक्षिका सुमित्रा बहनजी पन्नाशीच्या होत्या, माहेर पानिपतचं. पोरं जमिनीवर अंथरलेल्या तागाच्या टाटपट्टीवर बसून मुलतानी मातीनं सारवलेल्या लाकडी तख्त्यांवर बोरूनं लिहीत होती. अरुणानं सगळं सांगितलं, न बोलण्याचंही. बहनजींनी देविकाकडे पाहिलं. तिला त्यांनी काही विचारलं नाही.

"मेरे यहाँ आधे बच्चे बिहार-बंगाल से चुप ही आते हैं," त्या म्हणाल्या. "पहले सुनने दो इसे।"

विश्वासला हे अजिबात पटलं नाही. पानिपतच्या बाईंच्या हाती मुलगी दिली तर आपलं पानिपत ठरलेलंच, असं तो आधी हसण्यावारी म्हणाला. नंतर खरंच चिडला. मॅनेजरची मुलगी टाटपट्टीवर बसते हे तो ऑफिसात कुणाला सांगणार होता? दोन दिवस घरात वाद चालला. शेवटी दिवाळीपर्यंत बघू, असं ठरलं.

एप्रिल गेला, मे गेला. देविका तख्ती सारवायला शिकली, पण तोंडातून शब्द नाही. मग जूनची सुट्टी. त्या महिन्यात अरुणा वाळली. आपण हट्टापायी मुलीचं वर्ष घालवलं, असं तिला वाटू लागलं होतं. सोसायटीतल्या बायका भेटल्या की आवर्जून विचारायच्या, "बोली कुछ?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती देविकाला आणायला गेली, तर फाटकापाशी देविका नव्हती. नेहमी ती तिथेच उभी असायची. अरुणानं कडुनिंबाखाली पाहिलं, हातपंपामागे पाहिलं. तेवढ्यात मधल्या खोलीतून एक आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"राजबाला!"

"हाजिर जी."

"सतबीर!"

"हाजिर जी."

दारातून तिनं पाहिलं. दुसऱ्या शिक्षिका मतदार यादीच्या कामावर गेल्या होत्या आणि दोन्ही वर्ग एकत्र बसवले होते. बहनजींच्या खुर्चीशेजारी देविका हजेरीपट धरून उभी होती. अरुणानं तिला घरी बाराखडी शिकवलेली होती. बहनजींनी हेरलं होतं की ही मुलगी भिंतीवरचा मजकूर ओठ हलवत वाचते. लिपी तीच. बाकी नावं काय, हिंदीतही नावंच आणि मराठीतही नावंच.

"नाम में गलती का डर नहीं होता," बहनजी नंतर म्हणाल्या. "इसलिए रजिस्टर दे दिया."

अरुणा चौकटीला धरून खाली बसली. एका नावाला कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा देविकानं मान वर करून दटावलं, "अरे बोल ना!" सगळा वर्ग हसला. देविकाही हसली.

घरी येताना ती सारखी बोलत होती. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा दात पडला, अर्धं मराठी, अर्धं हरियाणवी. अरुणा थेट माझ्याकडे आली, सोफ्यावर आडवी झाली आणि चहा होईपर्यंत तिला गाढ झोप लागली. देविका माझ्या स्वयंपाकघरात बोलतच होती. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले.

विश्वासनं पुढच्या शनिवारी सुट्टी घेतली आणि स्वतः शाळेत गेला. सोमवारी मानेसरहून वॉशर आणून त्यानं तिथला हातपंप दुरुस्त केला. दिवाळीची मुदत कुणीच पुन्हा काढली नाही.

शाळेचं छप्पर गळतच राहिलं. देविका तिथे दुसरी पास होईपर्यंत होती. मग अरुणानं तिला दुसऱ्या एका इंग्रजी शाळेत घातलं. तिथे पहिल्या महिन्यात डायरीतून तक्रार आली की मुलगी वर्गात फार बोलते. अरुणानं खाली सही केली आणि ती डायरी मला दाखवायला दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.