ओढ्यापलीकडचा प्लॉट

मी सुपारी ठेवली आणि शेजारच्या प्लॉटवरची सुपारी लगेच उचलली गेली.

हमद टाउनमधलं साहेबांचं घर. साहेब पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. जेवणाच्या टेबलावर जमिनीचा नकाशा पसरलेला. जमीन महाडजवळची, आम्ही बहरीनमधल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून ट्रस्टच्या नावावर घेतलेली. वहिनींनी प्रत्येकाच्या हातात एकेक सुपारी दिली होती. आपापला प्लॉट निवडायचा आणि त्यावर ती ठेवायची. शुभ असतं म्हणे.

मी आंब्याच्या झाडाजवळ ठेवली. बाजूचे अकाउंटंट हसून म्हणाले, "आम्हाला जरा रस्त्याकडं बरं पडेल." त्यांची सुपारी सरकली. मग मीही मुद्दाम माझी सुपारी रस्त्याकडं नेली. तिथली पण उठली. वाईट कोणी काही बोललं नाही. चहा, हसणंखिदळणं, सगळं चालू. माझे कान तापले होते.

शेवटी साहेबांनी स्वतः माझी सुपारी उचलली आणि नकाशाच्या कडेला, ओढ्यापलीकडं ठेवली.

"तू इथं घे. तुमच्या लोकांना मोकळं बरं पडतं."

तुमच्या लोकांना!

बाकी सगळ्यांना अहो-जाहो, मला अरे-तुरे. मी साधा वेल्डर, म्हणून असेल, अशी स्वतःची समजूत घालत आलो होतो. त्या दिवशी ती समजूत संपली.

गावात आमचं घर गायरानात आहे. भिंती आमच्या, खालची जमीन आमची नाही. निवडणूक झाली की कोणीतरी येऊन आईला दम देतो, जागा खाली करा. म्हणून ट्रस्टची गोष्ट कानावर आली तेव्हा मी अक्षरशः वेडा झालो. जमीन कायम सगळ्यांची, कोणालाच विकता येणार नाही. घर ज्याचं त्याचं. सोडून जायचं तर ठरलेल्या भावात ट्रस्टलाच द्यायचं, म्हणजे पुढच्या गरिबालाही परवडेल. सित्र्याला कामावर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मीच हे पोरांना समजावून सांगायचो. काय मूर्ख होतो! सगळ्यांची म्हणजे माझीही, असं धरून चाललो होतो.

मी सुपारी पुन्हा आंब्याजवळ ठेवली.

"साहेब, आता हात लावू नका."

"अरे, चिडतोस काय? तुझ्याच सोयीचं बघतोय."

"माझी सोय मी बघेन."

मी चहा न घेता बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये रत्नागिरीचे इब्राहिमभाई सगळं ऐकून म्हणाले, "खलास कर रे. पैसे परत घे नि सूट. त्यांच्या शेजारात तुला सुख नाय मिळायचं."

माणूस मायेनं बोलत होता. तरी मला त्यांचाही राग आला. मी सुटावं, हेच तर त्या टेबलावरच्या सगळ्यांना हवंय. आजोबांनी सोडलं, वडिलांनी सोडलं. दर वेळी समजूतदारपणा आमच्याच वाट्याला का?

पैसे परत मागणार नाही. पुढच्या बैठकीत उभा राहून म्हणणार, निवडानिवड बंद, प्लॉटसाठी चिठ्ठ्या टाका. प्रत्येक सभासदाला एक मत आहे, तसं मलाही आहे. बहुतेक हरेन. हरलो तर त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा तेच म्हणेन. ओढ्यापलीकडं माझं घर होणार नाही. माझा शेजार ज्याला सोसत नसेल, त्यानं जावं. मी जाणार नाही.