चौथ्या सकाळची काच

उत्तमनाना गेल्याचं मला आमच्या जुन्या प्रकल्पाच्या ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची चित्रं ओळीनं येत गेली. त्यात आमच्या प्रकल्पप्रमुख साहेबांचंही एक होतं, सोबत ओळ होती, ‘एक निष्ठावान सहकारी हरपला.’ नाना कामावर असताना याच साहेबांना त्यांचं आडनाव दर भेटीत नव्यानं सांगावं लागायचं. महिना उलटून गेला, तरी ती ओळ माझ्या घशाखाली उतरत नाही...

नाना परभणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू शोधायचे, यातच त्यांचं आयुष्य गेलं. मी त्याच तालुक्यातल्या पोखर्णी गावची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. एम.एस्सी. होताच मला तिथे संशोधन सहायक म्हणून घेतलं. हिवतापाचं मुख्य औषध आपल्याकडे अजून लागू पडतं, की जंतू त्याला जुमानेनासे झालेत, हे आम्हाला बघायचं होतं. पहिल्याच दिवशी नानांनी माझी काच उजेडात धरली आणि ही काच आहे की चटणी वाटलेला पाटा, असं विचारून सगळ्या काचा पुन्हा नव्यानं करायला लावल्या. कॉलेजात न शिकलेलं पुष्कळ काही मी त्या माणसाच्या शिव्या खात शिकले. ते ऋण मोठं आहे.

त्यांचा खरा राग अर्धवट गोळ्यांवर. ऊसतोडीला जाणारी माणसं ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पदराच्या गाठीला बांधून ठेवायची. फडात दवाखाना कुठला, पुढच्या तापाला होतील, नवऱ्याला होतील. माझ्या आईनंही बांधल्या आहेत. नाना ऐकून घ्यायचे नाहीत. “अर्धमेले जंतू घरी पाळायलात का तुमी? उद्या ह्याच गोळ्या ते फुटान्यावानी खातील.” म्हणून त्यांची रीत ठरलेली होती. गोळी समोर गिळायची, तोंड उघडून दाखवायचं आणि मग बाकावर बसून अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं. बोलत्या माणसाला गालात गोळी धरता येत नाही, आणि ओकलं तर लगेच कळतं.

फडावरून परतलेल्या अनुसयाबाईंना घातक प्रकारचा हिवताप निघाला. तीन दिवस नानांनी त्यांना अशाच गोळ्या दिल्या. चौथ्या सकाळच्या काचेवर जंतू तसेच होते. नानांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी औषध बदलून घेतलं, बाई वाचल्या. पण ते रक्त पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जायला हवं होतं. औषध हरायला लागलं असेल, तर त्याची पहिली खूण कदाचित त्याच थेंबात होती.

साहेब आले. चहा बिनसाखरेचा आहे ना, याची त्यांनी दोनदा खात्री केली. काच एकदाही बघितली नाही. “ही माणसं गोळ्या बांधून ठेवतात, हे कुणाला माहीत नाही?” म्हणत त्यांनी फॉर्मवर ‘औषध घेतले नाही’ असा शेरा मारला आणि साक्षीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. त्या शेऱ्यानं बाई अभ्यासातून बाद, नमुना बाद, साहेबांची कटकटही बाद. मी सही केली. नोकरीची भीती होती, पण तेवढंच नव्हतं. पदराच्या गाठी मला ठाऊक होत्या. आपली माणसं आपण ओळखतो, अशी माझी घमेंड होती.

“तू बघितलं व्हतं का तिला गोळी थुकताना?” नानांनी विचारलं.

“नाही.”

“मंग सही कशावर केलीस, पोरी?”

त्यानंतर त्यांनी मला काम शिकवणं थांबवलं नाही. फक्त ‘पोरी’ म्हणणं थांबवलं. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्यासाठी ‘मॅडम’ होते. साहेबांना ते कधी ‘साहेब’ म्हणाले नाहीत, आणि मला ‘मॅडम’ म्हणताना त्यांचा आवाज कसा व्हायचा, ते मी विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात झरी गावाकडे अनुसयाबाईंच्या घरी गेले. त्या ओसरीवर तूर निवडत होत्या. नाना गेल्याचं सांगितलं, आणि गोळ्या गिळल्या होत्या का, हा इतकी वर्षं राहिलेला प्रश्न विचारला. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“आता इचारायलीस व्हय? तवा मी हितंच व्हते की.”

मग त्यांनी सांगितलं, तिन्ही दिवस गोळ्या गिळल्या. नानांनी गप्पांत लेकरांची, शेळ्यांची, माहेरच्या विहिरीचीसुद्धा चौकशी केली होती. कडू लागल्या, पण गिळल्या.

“गिळल्या न्हाईत म्हनून कागदावर कुनी लिव्हलं?”

“साहेबांनी. खाली सही माझी आहे.”

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “लय शिकलीस,” म्हणाल्या. “मंग खोड आता ते. आन् माजं नाव घालून लिही.”

परतताना केंद्रात गेले. लाकडी पेटीत चौथ्या सकाळची ती काच अजून आहे. काचेवर फक्त क्रमांक लिहायचा, असा आमचा नियम होता. नानांनी कडेला पेन्सिलीनं पूर्ण नाव लिहिलंय. कागदावरचं मला आता खोडता येत नाही, अहवाल केव्हाच छापून झाला. म्हणून इथे लिहिते. अनुसयाबाईंनी सगळ्या गोळ्या गिळल्या होत्या. मी बघितलं नव्हतं. नानांनी बघितलं होतं.