धर्मांच्या तक्त्यातल्या माझ्या चुका

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या लहानशा गावात मी मुलींच्या शाळेवर नवीनच लागले होते. घरी आई आणि मी, दोघीच. आई मळ्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची. मी बुलढाण्याहून ट्रेनिंग घेऊन आलेली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, की वर्गाच्या भिंतीवर तक्ता हवाच. म्हणून मी एक मोठा तक्ता केला, 'जगातील प्रमुख धर्म'. रकाने पाडले : देव, ग्रंथ, मुख्य शिकवण, मृत्यूनंतर. एका जाड पुस्तकावरून तो भरला आणि जिथे पुस्तकात काही सापडलं नाही तिथे स्वतःच्या मनाने भरला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या, आत येऊ का म्हणून विचारलं. आमच्या पंचक्रोशीत त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलेलं. आता पेन्शनीत होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांची नात माझ्या चौथीच्या वर्गात होती, आणि घरी जाऊन तिने काहीतरी सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि पहिल्यांदा माझ्या अक्षराची तारीफ केली. मग इस्लाम धर्माच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे देवाच्या रकान्यात मी पैगंबरांचं नाव लिहिलं होतं.

"बाई, ते देव नाहीत," ते म्हणाले. "म्या चाळीस साल टपाल वाटलं. खुशीचं पत्र नेलं का लोक गूळ-पाणी देत. पण पत्र धाडलं कोनं, हे कोणी इसरलं नाही. तौबा, मी बरोबरी करून नाही राह्यलो. पण पैगाम आणणारा निराळा अन् धाडणारा निराळा, एवढं लेकरायले सांगा."

माझे कान तापले. पुस्तकात तसं नव्हतंच. ती चूक माझ्या मनाची होती. मी त्यांच्यासमोरच नाव खोडून 'अल्लाह, एकच, रूप नसलेला' असं लिहिलं. त्यांनी मान डोलावली आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. तिथे मी 'देव : गौतम बुद्ध' असं लिहिलं होतं. हे तरी कोणाला विचारून लिहिलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग इचारून या ना," एवढं बोलून ते गेले.

त्याच वर्गातल्या एका मुलीच्या घरच्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी धम्म घेतला होता. शाळा सुटल्यावर मी तिच्या आईकडे गेले. मी त्यांना मावशी म्हणायचे, पण त्यांच्या घराचा उंबरा त्या दिवशी पहिल्यांदाच ओलांडला. मावशी सुपात तूर पाखडत होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. आमच्या ओळीत देवाचा रकाना कोरा ठेवा, म्हणाल्या. बुद्ध माणूस होता. माणसानेच दुःखातून वाट काढली, म्हणून तर त्याचा भरवसा वाटतो. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. सासूबाईंनी पुजलेले होते ते. सोडताना जड गेलं, पण घरी येईपर्यंत अंग हलकं झालं, असं त्या सांगत होत्या.

मग हात कोणाला जोडता, मी विचारलं. त्या हसल्या. शिकवणाऱ्याला जोडतो, पोरी तुम्हाला नाही का जोडत?

मृत्यूनंतरच्या रकान्यात मी 'पुनर्जन्म' लिहिलं होतं. ते ऐकून मात्र त्यांचा आवाज बदलला. "मांगच्या जल्माचं पाप म्हणूनच आमाले हिरीवर येऊ देत नव्हते, बाई. तो मांगचा जल्म आता मले नका सांगू."

ज्या विहिरींवर त्यांना येऊ देत नव्हते त्यांत आमच्या मळ्यातलीही एक होती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी चहा दिला, आणि मी तो प्यायले.

आमच्या गावात ख्रिस्ती घर नव्हतं. चाचांनी बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरचा पत्ता दिला. त्यांची बायको शेवटचा महिनाभर तिथे होती आणि या नगरकडच्या सिस्टरने तिची सेवा केली होती. मी तक्त्यातली ख्रिस्ती धर्माची ओळ उतरवून तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते चाचांना दाखवावं म्हणून मी त्यांना घरी बोलावलं. आई अंगणात मेथी निवडत बसली होती.

सिस्टरने लिहिलं होतं की आम्ही तीन देव मानत नाही, देव एकच. आणि चांगली कामं करून स्वर्ग मिळवतो, हेही चूक. माफी देव आधीच देतो, फुकट देतो. त्या माफीच्या आनंदात माणूस चांगलं वागू लागतो. चाचांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्यांच्या धर्मात अमल, म्हणजे माणसाने काय केलं ते, पाहिलं जातं, तरी अल्लाहची रहमत त्याहून मोठी मानतात, असं ते म्हणाले. पण येशूला देवाचा मुलगा म्हणणं त्यांना पटणं शक्य नव्हतं.

आईने आपल्या धर्माचं काय लिहिलं ते विचारलं. मी ब्रह्मा, विष्णू, महेश वाचून दाखवलं.

"ब्रह्म्याले इथं कोण पुजते? मरीआई काऊन नाही लिवली?"

मी वैतागून विचारलं, की देव एक का अनेक ते तरी नक्की सांग. आई जुडी बांधता बांधता म्हणाली, "एकच. पण त्याले एकट्यानं करमत नसन."

चाचा खूप हसले. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, की तुमच्या हिशेबाने माझी घरवाली आता कुठे असेल? आईने हातातली मेथी बाजूला ठेवली. इतकी गुणाची बाई, कोणाच्या तरी चांगल्या घरी लेक होऊन आली असेल, असं ती मनापासून म्हणाली.

चाचांनी मान हलवली. "नाही वहिनी. ती कुठं जात नाही. माही वाट पाहून राह्यली. मी टपाल वाटून येईपर्यंत तिनं कधी घास नाही खाल्ला."

आईचं त्यांना पटलं नाही आणि त्यांचं आईला. पण पदराने डोळे आईने पुसले. मग चाचा घरी निघाले तेव्हा तिने मेथीच्या दोन जुड्या त्यांच्या पिशवीत घातल्या.

पुढे साहेब तपासणीला आले. तक्त्यावर इतकी खाडाखोड पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि देवाचा एक रकाना कोरा का, असं त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत मावशींची मुलगी उभी राहिली आणि आमच्यात देव नाही, शिकवण आहे, असं खणखणीत सांगून खाली बसली. साहेबांनी शेऱ्यात 'तक्ता स्वच्छ नाही' असं लिहिलं. ते खरंच होतं.

नंतर मी बुलढाण्याला बदलून गेले आणि तिथेच निवृत्त झाले. धर्मांचा हा धडा दरवर्षी यायचा. शिकवण्याच्या आधी मी मुलींना सांगायचे, की पहिले शेजारच्या घरी जा, आणि त्यांचं त्यांनाच विचारून या.