सिंगापुरात रविवारी राजे धरत नाहीत

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. काजूच्या बियांसारखे ते कोनाड्यात आपोआप जमत जातात. माझा कोनाडा भरला तो ऐंशीच्या दशकात, नानाच्या ओटीवरच्या पोकरने.

पोकर आणला बापूने. बोटीवर नोकरी, सुट्टीत घरी. आम्ही काजूबियांवर खेळायचो. नियम एकट्या बापूला ठाऊक, म्हणून खेळाडूही तोच आणि कोर्टही तोच.

नानाने तीन राजे दाखवले. बापू आपल्या दोन जोड्यांकडे बघत म्हणाला, "सिंगापुरात रविवारी राजे धरत नाहीत."

"मेल्या, गेल्या रविवारी तू राजांवरच जिंकलास ना?"

"ती एडनची पद्धत."

*

मग ठरलं, पंच हवा आणि तो खेळाबाहेरचा हवा. शेजारच्या निवृत्त गुरुजींना बसवलं. त्यांनी बापूकडून नियम वहीत उतरवून घेतले, खाली सही घेतली. पण सवय जाते कुठे? परीक्षेच्या वर्गात फिरावं तसे ते आमच्या पाठीमागून फिरायचे. माझी पानं बघून त्यांनी माझी पाठ थोपटली, "शाब्बास!"

सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला. तशी पानं मला जन्मात पुन्हा आली नाहीत.

*

हातात काही नसताना बापूने ओंजळभर बिया पुढे सारल्या. मागून गुरुजी म्हणाले, "बापू, खोटं?"

"गुरुजी, याला ब्लफ म्हणतात."

"उभा राहा."

पन्नाशीचा, जग फिरलेला बापू डाव संपेपर्यंत उभा होता.

*

बापूने हरकत घेतली, "गुरुजी नानाकडचे तळलेले गरे खातात. हा कसला पंच?"

म्हणून एसटी स्टँडवरून देवरूखचा एक अनोळखी माणूस आणला. नानाने पाणी दिलं, विचारलं, "गाव कुठलं? कोणाचे तुम्ही?" तिसऱ्या प्रश्नाला तो नानाच्या बायकोचा मावसभाऊ निघाला, चौथ्याला बापूचा लांबचा साडू. जेवून गेला.

*

बापूची सुट्टी संपत आली. शेवटच्या डावात इरेला पेटून त्याने परदेशी टेपरेकॉर्डर पणाला लावला. नानाने दारच्या झाडाचे यंदाचे सगळे फणस लावले. ते झाड वहिनींनी, म्हणजे नानाच्या बायकोने, लग्नाच्या वर्षी लावलेलं. त्यांना विचारलं नव्हतं, आणि त्या दारातच उभ्या होत्या. नानाचा चेहरा बघवेना.

"गुरुजींचा निकाल मी मानणार नाही," बापू म्हणाला.

"मग मी देते," वहिनी म्हणाल्या. "मी दोघांवर सारखीच रागावल्ये."

यावर हरकत कोण घेणार? दोघांनी पानं उघडली. वहिनींनी ती न बघताच गोळा करून डब्यात घातली. कोयता बापूच्या हातात दिला, दोरी नानाच्या.

"फणस काढा. एकेक गुरुजींकडे आणि बापूकडे, बाकीचे आत."

आणि टेपरेकॉर्डर उचलून त्या घरात गेल्या.

थोड्या वेळाने आतून गाणं सुरू झालं. गुरुजींनी वही मिटली.

"शाब्बास."