मठ्ठ्याची कॅन

परवा पवनीच्या बाजारात फवारणीच्या औषधाचा उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट आसगावच्या त्या जुन्या लग्नात जाऊन पोचले. आमची आरोग्याची संस्था तेव्हा नवी होती. मी गावोगाव फिरून अन्नपाणी कसं सांभाळायचं ते बायांना सांगायची.

पंगत बसली होती. नवरीचा काका निळ्या कॅनमधून मठ्ठा वाढत होता. जिरं, कोथिंबीर, सगळं घातलेलं, पण त्याच्याखालून हाच वास.

"भाऊ, ही कॅन फवारणीची ना?"

"सोडा लावून धुतली जी बाई. खताऔषधाच्या दुकानवाल्या शेठनं लग्नघर म्हणून फुकट देली. वास तं धानालेही येते, मंग भात खाऊ नाही का?"

पंगत हसली. लेकरं गिलास पुढे करून राहिली होती. मी कॅन लाथेनं आडवी केली. नवरीची माय रडायला लागली. एक वऱ्हाडी म्हणाला, "बाई जेवाले आली का भांडाले?"

तेवढ्यात कॅन देणारा शेठ दिसला. तोही पंगतीतच होता, आणि त्याचा गिलास पालथा घातलेला.

"शेठ, तुम्ही काहून नाही घेतला मठ्ठा?"

"मले सर्दी झाली जी," तो म्हणाला आणि भात कालवत राहिला.

संस्था वाढली, माझे केस पिकले. अजूनही बैठकीत एखादा साहेब म्हणतो, गावातल्या लोकांना समज नाही हो. माझ्या अंगाची लाही होते. त्या पंगतीत ज्याला समज होती, तोच गप्प जेवत होता.